कोणालाही बसेल असा दस्ता

माझ्या नवऱ्याने माझ्या हाताचं माप माझ्या जुन्या ब्लाउजच्या बाहीवरून घेतलं आणि अमेरिकेला कळवलं. बंदुकीसाठी. गेलं वर्षभर हे वाक्य मी मनात घोळवते आहे, आणि कुठल्याही बाजूने वाचलं तरी अजून माझं डोकं फिरतं.

जपानातल्या त्या मोठ्या, त्सुनामीच्या भूकंपाच्या पुढच्या वर्षी आम्ही क्योतोला आलो. त्याला विद्यापीठात संशोधनाची जागा मिळाली आणि मला 'सोबत आलेली पत्नी' हा शिक्का मिळाला. पुण्यात मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते, पण त्या शिक्क्यात ते कुठे मावत नव्हतं. शहराच्या उत्तर टोकाला, डोंगर थेट घरांच्या परसात उतरतात अशा भागात आम्ही घर घेतलं. मी परसात मेथी लावली. हरणांनी ती खाल्ली. पुन्हा लावली, पुन्हा खाल्ली. तिसऱ्यांदा वाफा साफ झाला त्या सकाळी शेजारचे आजोबा कुंपणापाशी उभे होते. ते आमच्या डोंगरातल्या शिकाऱ्यांच्या टोळीचे म्होरके. आता टोळीत आठच माणसं उरली आहेत आणि त्यांतला सर्वांत तरुण बासष्टचा आहे, असं ते सांगत होते. मी म्हणाले, "मग मला शिकवा." माझ्या आयुष्यातले बरेचसे चांगले निर्णय मी असेच रागाच्या भरात घेतलेले आहेत.

जपानात बंदूक मिळवणं म्हणजे पोलिसांना आपलं सगळं घर उघडून दाखवणं. जपानीतून लेखी परीक्षा झाली, डॉक्टरचा दाखला झाला, नेमबाजीची चाचणी झाली. पोलीस शेजाऱ्यांना भेटले. नवऱ्याला बोलावून विचारलं, घरात भांडणं होतात का? "कधीच नाही," असं तो म्हणाला. त्याने इतकं धडधडीत खोटं सांगूनही मला परवाना मिळाला, कारण सरकारी माणसाला ऐकायचं असतं तेच तो नेहमी बोलतो.

भिंतीला बोल्टने घट्ट केलेलं लोखंडी कपाट आलं आणि त्याबरोबर एक नियम आला. कपाटाची किल्ली फक्त परवानाधारकाकडे असायची. ती कुठे आहे हे घरातल्या कोणालाही, नवऱ्यालासुद्धा, माहीत असता कामा नये. दर वर्षी वसंतात बंदूक पोलीस ठाण्यात तपासणीला न्यायची असते, आणि तिथला अधिकारी दर वर्षी तोच प्रश्न विचारतो, "किल्लीची जागा तुमच्याशिवाय कोणाला माहीत आहे का?" मी दर वर्षी ताठ मानेने सांगत आले, "नाही." किल्ली मी साबुदाण्याच्या डब्यात ठेवली होती. आमच्या घरात उपास कोणी करत नाही, आणि नवरा डब्यांच्या फळीकडे फक्त चिवड्यासाठी वळतो. याहून सुरक्षित जागा जगात नाही असं मला वाटत होतं.

इथे आधी छऱ्याची बंदूक घ्यावी लागते. ती दहा वर्षं विनातक्रार सांभाळली, तर मगच शिकारीसाठी रायफल मागता येते. मी दहा वर्षं सांभाळली. बर्फात कुत्र्यांमागे चालले, रानडुकरं सोलली, टोळीतल्या म्हाताऱ्यांचा चहा केला आणि काही वर्षांनी तो करायचं बंदही केलं. दहा वर्षं भरली त्याच सुमारास आजोबांनी वय झालं म्हणून आपला परवाना परत केला. त्यांची बोल्टची, म्हणजे दर गोळीनंतर हाताने खीळ मागेपुढे करायची, रायफल मला मिळावी अशी त्यांची इच्छा होती. दुकान आणि पोलीस अशा दोन्ही दारांतून फिरून ती रीतसर माझ्या नावावर झाली. ज्या दिवशी ती घरी आली त्या दिवशी मी गोड केलं होतं.

आजोबा उंच, लांब हातांचे. मी पाच फूट, आणि तेसुद्धा चपला घालून. रायफलचा लाकडी भाग, ज्यात नळी बसते आणि ज्याचं मागचं टोक खांद्यात टेकतं, त्याला दस्ता म्हणतात. तो माणसाच्या अंगाचा हवा. लांब असला तर टोक खांद्यात न बसता दंडावर घसरतं, चाप गाठायला हात ताणावा लागतो, मान पुढे काढून वाकडी करावी लागते, आणि इतकं करूनही डोळा नळीवरच्या दुर्बिणीच्या मागे नीट येत नाही. दुर्बिणीत एका कडेला काळी कोर दिसत राहते. माझं हे सगळं होत होतं. मी काय केलं? जमवून घेतलं.

मोठ्या बहिणीचे फ्रॉक, मामेभावाची सायकल, 'वाढत्या अंगाचा' म्हणून दोन मापं मोठा घेतलेला गणवेश. मी दहावी झाले तरी तो गणवेश मला काही बसला नाही, पण मी चालवून घेतलं. आमच्या घरात 'चालवून घे' हा मुलींना मिळणारा आशीर्वाद होता. लग्नात तो दुसऱ्यांदा मिळाला. तेव्हा रायफल बसत नाही हे कोणाला सांगावं असं मला सुचलंसुद्धा नाही. जाकिटातलं अस्तर काढलं, मान वाकडी करायला शिकले आणि मैदानावर बऱ्यापैकी गुण मिळवले. मला त्याचा अभिमानही वाटायचा, हे आता लिहिताना लाज वाटते.

रायफलच्या पहिल्या हंगामात, डिसेंबरात, दरीच्या पलीकडच्या उतारावर एक हरिणी उभी राहिली. त्या दिवशी बर्फ होतं, म्हणून मी जाड जाकीट घातलं होतं. म्हणजे अस्तर काढून मिळवलेलं सगळं माप परत गेलं. दुर्बिणीत काळी कोर दिसत होती. ती मला दिसत होती, हे मी आज कबूल करते. एवढं तर जमतं नेहमी, असं म्हणून मी चाप ओढला. गोळी खाली गेली. तिच्या पोटात लागली.

ती पडली नाही. आम्ही संध्याकाळपर्यंत रक्त शोधत चाललो, अंधार पडला म्हणून परतलो आणि सकाळी पुन्हा निघालो. ती दुपारी सापडली, ओढ्यात, जिवंत. पुढचं मी लिहीत नाही. आजोबा हातात काठी घेऊन आमच्याबरोबर आले होते. सगळं संपल्यावर त्यांनी मला विचारलं, "रायफल तुम्हाला बसत नाही ना?"

"थोडी लांब पडते. पण मी जमवून घेतलं होतं."

त्यांनी काठीचं टोक ओढ्याकडे केलं. मग म्हणाले, "तुम्ही जमवून घेतलंत. हरिणीने काय करायचं?"

त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. माझ्या अंगाचा दस्ता. तो मिळेपर्यंत मी डोंगरावर पाऊल ठेवणार नव्हते.

बंदुकीच्या दुकानात पहिल्यांदा नवरा बरोबर आला, कारण "मलाही बघू दे ना, इंटरेस्टिंग आहे." दुकानदार पन्नाशीचा, दस्ते स्वतः कोरणारा, हात चांगला असलेला माणूस. मी त्याला सांगितलं की मला बदली दस्ता हवा आहे. त्याने मान डोलावली, टेप काढली आणि माझ्या नवऱ्याच्या हाताचं माप घेतलं. मी खोटं सांगत नाही. नवऱ्याने हात पुढेही केला! चूक कळल्यावर दोघंही हसले. पुढचा अर्धा तास दुकानदार त्याच्याशीच बोलत होता. काळा प्लास्टिकचा तयार दस्ता हलका असतो, 'पत्नीला उचलायला सोपा', आणि जांभळ्यातही मिळतो. पातळ फळ्या चिकटवून केलेला लाकडी दस्ता दमट हवेत वाकत नाही, पण वजनदार असतो. अक्रोडाचा कोरून घ्यायचा तर काही महिने लागतील. नवरा विचारत होता, "टिकाऊ कोणता?" डोंगर चढणार मी, धक्का खाणार मी. हलका दस्ता धक्का जास्त देतो आणि जड दस्ता चढावर जीव काढतो, हे दहा वर्षं खांद्यावर बंदूक वागवून मला पाठ झालं होतं. पण मला कोणी विचारतच नव्हतं. परतताना गाडीत तो म्हणाला, "माणूस नॉलेजेबल आहे हं." मी खिडकीबाहेर बघत राहिले, कारण तो गाडी चालवत होता आणि मला जिवंत घरी पोचायचं होतं.

आठवड्याने मी एकटी गेले. दुकानदार म्हणाला, "आज पती आले नाहीत?" आणि मी फुटले. दहा वर्षांत शिकलेली सगळी नम्र जपानी कुठे गेली कोण जाणे. परवाना माझा आहे, म्हणाले. माझ्या चुकीच्या मापामुळे एक जनावर दीड दिवस मरत होतं, म्हणाले. तुम्हाला माझा हात दिसत नसेल तर मी दुसरं दुकान बघते. दुकानात आणखी एक गिऱ्हाईक होतं, ते पाय न वाजवता बाहेर गेलं.

दुकानदार उठला. कमरेत वाकला आणि बराच वेळ तसाच राहिला. मग आतून एक विचित्र वस्तू घेऊन आला. लाकडी बंदूक, नळी खोटी, दस्त्याला सगळीकडे स्क्रू. माप घ्यायची बंदूक. माप शिकारीच्या जाड जाकिटावरच घ्यायचं, असं त्याने सांगितलं. ते मी घालूनच आले होते. "डोळे मिटा," तो म्हणाला. "मिटल्या डोळ्यांनी खांद्याला लावा. मान कुठेही नेऊ नका. जिथे आरामात राहील तिथे राहू द्या. आता उघडा."

मी उघडले. डोळा नळीच्या रेषेपासून तीन बोटं खाली होता. त्याने स्क्रू फिरवले. पुन्हा मिटा, पुन्हा लावा. असं वीसेक वेळा झालं. शेवटी मी डोळे उघडले तेव्हा खोट्या नळीचं टोक अगदी समोर होतं. मी काहीच केलं नव्हतं. चाळिशी उलटलेल्या बाईचं, पहिल्यांदाच, ब्लाउज सोडून एखाद्या वस्तूसाठी माप घेतलं गेलं होतं. मला रडू आलं आणि त्याचाही राग आला. मी अक्रोडाचा दस्ता सांगितला आणि रायफल त्याच्याकडे ठेवून आले.

घरी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो "अरे वा" म्हणाला. पण तोवर त्याने आपला घोडा पुढे दामटला होता.

माझा दीर न्यू जर्सीत असतो. तो त्या महिन्यात कामासाठी तोक्योला येणार होता, आणि तिथून दोन दिवस आमच्याकडे. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बॅगेतून वस्तू मागवणं हा आपल्या लोकांचा राष्ट्रीय उद्योग आहे. प्रेशर कुकरची रिंग, गोडा मसाला, कोणाचा तरी चष्मा. आजवर मीही या उद्योगाला हातभार लावलेला आहे. रविवारी सकाळी मी पोहे वाढत होते, तेव्हा दोघा भावांनी टेबलावर एक लांबट खोकं ठेवलं. त्याला फीत बांधलेली होती.

"वहिनी, उघडा," दीर म्हणाला.

आत काळा दस्ता होता. पिस्तुलासारखी मूठ, आणि मागे बटण. बटण दाबलं की मागचा भाग सरकून लांबी कमी-जास्त व्हायची.

"ॲडजस्टेबल आहे," नवरा म्हणाला. "कोणालाही बसेल. तुझी बाही मोजली मी, त्या निळ्या ब्लाउजची. पण म्हटलं, चुकलं तरी हरकत नाही, ॲडजस्ट होतो."

मी त्याला समजावून सांगितलं, त्या वेळी शांतपणे, की असा सरकता दस्ता लावलेल्या रायफलला इथे शिकारीचा परवाना मिळत नाही. बंदुकीची लांबी परवान्यात लिहिलेली असते, आणि ती हवी तशी बदलता येते ही गोष्टच इथल्या कायद्याला नको असते. तो म्हणाला, "बरं, मग एकाच लांबीवर ठेव ना. आणलाच आहे तर चालवून घे."

मग मला दुसरीच शंका आली. "पण हा नेमका याच रायफलचा आहे. खालचे स्क्रूसुद्धा जुळतात. हे तुला कसं कळलं?"

"फोटो पाठवले ना मी. दुकानात द्यायच्या आधीच. खालून, वरून, स्क्रूचे."

"कपाट कसं उघडलंस?"

तो हसला. मनापासून, लाडाने हसला. "अगं, साबुदाण्याच्या डब्यात ठेवतेस ना. तुझी आई किल्ल्या गोडा मसाल्याच्या डब्यात ठेवायची, तू साबुदाण्याच्या. मला काय माहीत नाही? पहिल्या वर्षापासून माहीत आहे."

पहिल्या वर्षापासून. म्हणजे दहा वर्षं पोलीस ठाण्यातल्या खिडकीपुढे ताठ मानेने मी खोटं बोलत होते. ते खोटं आहे हे माझ्या घरात एका माणसाला माहीत होतं, आणि त्याला त्यात गंमत वाटत होती. मी पोह्यांचा डाव टेबलावर आपटला. मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. दीर म्हणाला, "वहिनी, घरच्या घरात एवढं काय?" हे ऐकून माझा पारा जास्तच चढला. घरच्या घरात! आपल्याकडे नवरा-बायकोत तुझं-माझं नसतं, असं सगळे कौतुकाने म्हणतात. माझं-त्याचं नसतं म्हणजे माझं नसतं, हे कोणी म्हणत नाही. दीर दुसऱ्या दिवशी गेला. बॅगेत जागा नाही म्हणून दस्ता इथेच राहिला.

पुढचे दोन महिने घरात एकच वाद होता. नवरा म्हणायचा, "मी चुकलो, सॉरी, शंभर वेळा सॉरी. किल्लीची जागा बदल. संपलं. पोलिसांना सांगायची काय गरज आहे? कोणाला कळणार आहे?" मला कळलेलं आहे, असं मी म्हणायचे. तो म्हणायचा, "तुझी दहा वर्षं जातील. दोन्ही बंदुका जातील. एका फोटोसाठी?" आणि खरी चीड तीच होती, की तो बरोबर बोलत होता. चूक त्याची, आणि जाणार माझं. गप्प बसले तर काहीच जाणार नव्हतं.

वसंत लागला तेव्हा दस्ता तयार झाला. दुकानदाराने रायफल त्यात बसवून माझ्या हातात दिली. मी डोळे मिटले, खांद्याला लावली, उघडले. काळी कोर नव्हती. सबंध गोल, स्वच्छ, मध्ये रेषा. मी पुन्हा मिटले आणि पुन्हा उघडले. दुकानदारालाही आनंद झाला होता.

लांबी बदलली की परवान्यात नवीन लांबी लिहून घ्यावी लागते, म्हणून दुसऱ्या दिवशी मी आणि दुकानदार रायफल घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. मी बरोबर तो काळा दस्ताही नेला होता. अधिकारी माझ्या ओळखीचा, गेली चार वर्षं तोच असतो. त्याने टेप लावली, आकडा कागदावर घेतला, नव्या लाकडाचं कौतुक केलं. वार्षिक तपासणीही आत्ताच उरकून घेऊ म्हणाला. नळी बघितली, काडतुसांची वही बघितली. मग परवान्यावर मारायचा शिक्का हातात घेऊन, माझ्याकडे न बघता, त्याने नेहमीचा प्रश्न विचारला. "किल्लीची जागा तुमच्याशिवाय कोणाला माहीत आहे का?"

'नाही' म्हणायला अर्धा सेकंद लागतो. समोर माझी रायफल होती, माझ्या मापाची. मला ओढा आठवला. दुर्बिणीत काळी कोर दिसत असताना मी म्हणाले होते, एवढं तर जमतं.

"हो," मी म्हणाले. "माझ्या नवऱ्याला. पहिल्या वर्षापासून. मला ते दोन महिन्यांपूर्वी कळलं. त्याने कपाट उघडून रायफलचे फोटो काढले." आणि काळा दस्ता पिशवीतून काढून त्याच्यापुढे ठेवला.

अधिकाऱ्याने शिक्का परत डबीत ठेवला. "हे लिहून घ्यावं लागेल," असं तो म्हणाला, आणि मला वाटतं त्याला वाईट वाटलं. लिहून घ्यायला दोन तास लागले. नंतर नवऱ्यालाही बोलावलं. घरात भांडणं होतात का, असं या वेळी त्याला कोणी विचारलं नाही.

चौकशी अजून चालू आहे. निकाल लागेपर्यंत दोन्ही बंदुका दुकानदाराच्या तिजोरीत राहतील, आणि परत मिळतील याची खात्री कोणी देत नाही. काळा दस्ता पोलिसांनी ठेवून घेतला. परवान्यात नवीन लांबी लिहिली गेली नाही, म्हणून रायफलला तिचा जुना, लांब दस्ता परत बसवावा लागला. ते काम दुकानदाराने माझ्यासमोर केलं. नवा दस्ता राहिला. नुसत्या लाकडाला परवाना लागत नाही. त्याने तो वर्तमानपत्रात गुंडाळून मला दिला आणि मी तो बसने, मांडीवर आडवा धरून, घरी आणला.

आजोबांना मी सगळं सांगितलं. त्यांनी दस्ता हातात घेतला, मागच्या टोकावर अंगठा फिरवला आणि "छोटा आहे," एवढंच म्हणाले. मग हसले. नवरा अजून विचारतो, "एवढा अट्टाहास करून काय मिळवलंस?" कधी म्हणतो, "किती दिवस रागावणार आहेस?" त्याला वाटतं मी उत्तर शोधते आहे.

कपाट रिकामं आहे आणि त्याची किल्ली सरळ खुंटीला लटकते. सकाळी तो विद्यापीठात गेला की मी घरकामाला लागण्याआधी दस्ता काढते. नळी नाही, बोल्ट नाही, चाप नाही. नळीच्या जागी एक लांब रिकामी खाच आहे. मी डोळे मिटते, तो खांद्याला लावते आणि उघडते. डोळा बरोबर त्या खाचेवर असतो. मान जराही वाकडी करावी लागत नाही.